तसं नव्हतं म्हणणारा प्रेक्षक

‘आपल्या मातीतलं संगीत नाटक’ अशी जाहिरात वाचली की माझा हात खिशाकडे जातो, पण पैसे काढायला नव्हे, सांभाळायला. आमच्याकडची माती काळी. उन्हाळ्यात तिला पाय अडकावा एवढ्या भेगा पडतात, पावसात ती चपलेला चिकटून चालणं मुश्कील करते, आणि लागोपाठ दोन खरीप बुडाले की तिच्यातला तुकडा कुणाला विकायचा याची घरात कुजबुज सुरू होते. नाटकातल्या मातीला मात्र फक्त सुगंध असतो. पडदा उघडला की दिवट्या, घोंगडी, नऊवारी, ढोलकी. मग एक सावकार, एक भाबडा शेतकरी, त्याची त्याहून भाबडी कारभारीण. मध्यंतराआधी गोंधळ, मध्यंतरानंतर पोवाडा, शेवटी सगळा संच एका रांगेत उभा राहून झेंडा हलवतो. हे गाव कुठलं, असं विचारलं तर उत्तर येत नाही, कारण ते कुठलंच नसतं.

आमचं माकणी लोहारा तालुक्यातलं गाव. ते ओळखलं जातं तेरणेवरच्या धरणामुळे, रंगभूमीमुळे नव्हे. रात्रीचा प्रयोग पाहायचा तर लातूर गाठा, धाराशिव गाठा, नाहीतर सोलापूर. नाटक मध्यंतराला पोचायच्या आत परतीची शेवटची एसटी सुटलेली असते, म्हणून चारचौघांनी मिळून जीप ठरवायची, डिझेलचे पैसे वाटून घ्यायचे, आणि पहाटे घरी येऊन तसंच जनावरांचं बघायचं. एवढं करून गेलेल्या माणसानं नाटकाला चार अवघड प्रश्न विचारले तर त्याला खडूस म्हणू नये. शहरातल्या रसिकाला नाटक पडलं तर एक संध्याकाळ जाते. आमची रात्र आणि दुसरा दिवस दोन्ही जातात. संशय आम्हाला परवडतो म्हणून नव्हे, भाबडेपणा परवडत नाही म्हणून आम्ही बाळगतो.

माझा संशय नाटकातल्या बोलीपासूनच सुरू होतो. मराठी रंगमंचावर आणि सिनेमात ‘खेडवळ’ म्हणून एक बोली चालते. ती कोल्हापूर-साताऱ्याकडची थोडी, आणि बरीचशी कुठलीच नाही. प्रत्येक वाक्याला ‘रं’ किंवा ‘गं’ लावलं, ‘पाहुणं’ म्हटलं, की झालं खेडं. आमच्याकडं माणूस ‘काय करायलास?’ असं विचारतो, ‘जायलो’ म्हणतो. बोलण्यात उर्दू आणि कानडी सहज मिसळतं, कारण हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा होता आणि कर्नाटकची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. असं बोलणारं पात्र ‘आपल्या मातीतल्या’ नाटकात भेटतं ते बहुधा नोकराचं किंवा विनोदी हवालदाराचं. नायकानं प्रेमाचं गाणं म्हणायचं तर त्याला अचानक शुद्ध मराठी येऊ लागते. लेखक म्हणतात की बोलीतलं अडखळतं बोलणं गाण्यात बसत नाही. हे खरं नाही. २०११ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये ‘लंडन रोड’ नावाचं संगीत नाटक झालं. इप्सविच गावात २००६ मध्ये पाच बायकांचे खून झाले होते. तिथल्या लंडन रोड या रस्त्यावर राहणाऱ्या लोकांच्या मुलाखती अलेकी ब्लाइदनं ध्वनिमुद्रित केल्या आणि अ‍ॅडम कॉर्कनं त्यातल्या बोलण्याच्या लयीवरच चाली बांधल्या, मधल्या ‘अं’ आणि ‘म्हणजे’ यांच्यासकट. इंग्रजी अडखळणं गाता येतं तर आमचं का येऊ नये?

पण बोली ही वरवरची तक्रार झाली. समजा उद्या कुणी अस्सल लोहारा तालुक्याची बोली आणली, वेशभूषा बिनचूक केली, गावाचं नाव घातलं; तेवढ्यानं नाटक त्या गावाचं होईल का? मला वाटतं, नाही. नाटकाचा विषय गाव असणं वेगळं आणि नाटक गावाचं असणं वेगळं. गावाचं नाटक ते, ज्यात समोर बसलेल्या माणसाला ‘तसं नव्हतं’ म्हणायला जागा असते, आणि त्यानं तसं म्हटल्यावर रंगमंचावर काहीतरी हलतं. बाकी सगळं देखावा. देखावाही चांगला असू शकतो, पण त्याला देखावाच म्हणावं.

देखाव्याचं सगळ्यात भव्य मराठी उदाहरण म्हणजे बाबासाहेब पुरंदरे यांचं ‘जाणता राजा’. हत्ती, घोडे, मजल्यांचा रंगमंच, दीडदोनशे माणसं. त्यातली एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. संवाद आणि गाणी आधीच ध्वनिमुद्रित केलेली. रंगमंचावरची माणसं त्यावर ओठ आणि हातवारे जुळवतात. त्यामुळे प्रयोग ज्या शहरात जाई तिथली माणसं थोड्या तालमीत त्यात सामील होऊ शकत. स्थानिक तरुण मावळा व्हायचा, स्थानिक बाई जिजाऊंच्या मागे उभी राहायची. यात लबाडी काही नाही, व्यवहार म्हणून ही मोठीच युक्ती आहे. एवढ्या माणसांना घेऊन गावोगाव हिंडणं दुसऱ्या कशानं जमलं असतं? पण हिशेब मांडा: अंग गावातलं, आवाज बाहेरून आलेला, आणि तो आवाज एका अक्षरानंही बदलणार नाही. प्रेक्षकांतून कुणी काही ओरडलं तर मावळ्याला उत्तर देता येत नाही, कारण त्याच्या तोंडातला पुढचा शब्द कित्येक वर्षांपूर्वीच बोलून झालेला आहे.

इथे कुणी म्हणेल की अहो, संगीत नाटक ही आपली अस्सल परंपरा, तिच्याकडे परत चला. तर परंपरेच्या अस्सलपणाबद्दलही थोडं. सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी उत्तर कानड्यातल्या कर्की गावच्या भागवत मंडळींचा खेळ पाहिला, आपल्याकडे असं काही करा म्हणून विष्णुदास भाव्यांना सांगितलं, आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ झालं. पुढे ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ‘शाकुंतल’ करून संगीत नाटकाची मुहूर्तमेढ रोवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, म्हणजे आजच्या कर्नाटकातले. त्यांच्या पदांना कीर्तनातल्या साक्या-दिंड्या होत्या तशा कानडी पदांच्या चालीही होत्या. १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांनी पूरबकडच्या ठुमरी-कजरीचा रंग दिला. आज ज्या नाट्यपदांनी आपल्याला ‘आपलं’ म्हणून भरून येतं त्यांतली कितीतरी पदं चालीनं परकी आहेत. मला हे अजिबात खटकत नाही. उगम कुठला यावरून नाटकाची मालकी ठरत नसते. मग उगमाचे ढोल वाजवून आमच्याकडून तिकिटाचे पैसे मागू नका, एवढंच म्हणणं आहे.

मालकी गावानं स्वीकारण्यावर ठरते, असं दुसरं उत्तर येतं. गावाला आवडलं ना, मग तुम्ही कोण? या उत्तरात जोर आहे, आणि त्याची कसोटी लावायला मी थोडं लांब जातो. १९४३ मध्ये ब्रॉडवेवर ‘ओक्लाहोमा!’ आलं. संगीत रिचर्ड रॉजर्स, शब्द ऑस्कर हॅमरस्टाइन, दोघेही न्यूयॉर्कचे. अमेरिकेच्या एका राज्याच्या नावानं आणि मातीनं भारलेलं हे संगीत नाटक एवढं गाजलं की १९५३ मध्ये ओक्लाहोमानं त्यातलं शीर्षकगीत आपलं राज्यगीत करून टाकलं. गावानं स्वीकारण्याचा याहून पक्का दाखला कुठून आणणार? पण ते ज्या नाटकावर बेतलं ते लिहिणारा लिन रिग्ज हा खरा तिथला माणूस. तो १८९९ मध्ये जन्मला तेव्हा त्या मुलखाला ‘इंडियन टेरिटरी’ म्हणत, आणि त्याच्या आईच्या बाजूनं तो चेरोकी होता. राज्याच्या नावात मूळ रहिवाशांची भाषा आहे, मूळ लेखकाच्या अंगात त्यांचं रक्त आहे, आणि ब्रॉडवेच्या नाटकात मूळ रहिवासी एकही नाही. शेतकरी आणि गुराखी यांचं भांडण आहे, ज्यांची जमीन होती त्यांचं नाव नाही. राज्यानं गाणं उचललं ते त्यामुळेच उचलणं सोपं गेलं असावं, असा माझा तर्क आहे. आपल्यावरची स्तुती स्वीकारायला कोणत्याच गावाला ग्रामसभा भरवावी लागत नाही. तेव्हा गावाला आवडलं, एवढ्यावर मी नाटकाला गावाचं म्हणणार नाही. गावातल्या कुणाला आवडलं, आणि कोण त्यात नव्हतंच, हे विचारीन.

आता ‘तसं नव्हतं’ म्हणायची सोय म्हणजे काय, ते सांगतो. ही कल्पना मी कुठल्या नाट्यशिबिरातून उचललेली नाही. आमच्या भागात लग्नानंतर घरात गोंधळ घालायची चाल आहे, तुळजापूरची भवानी कुलदैवत असलेल्या घरांत तर हमखास. संबळ, तुणतुणं, झांज आणि दिवटी, एवढ्या सामानावर रात्र निघते. आधी देवांना गावांच्या नावानिशी आवतण; कुठकुठल्या ठाण्याचा देव बोलावला आणि कुठला राहिला यावर घरातली म्हातारी माणसं कान ठेवून असतात. राहिला तर तिथल्या तिथं सांगतात. मग आख्यान. पण आख्यान एकटा नाईक सांगत नाही. त्याला एक जोडीदार असतो, आणि त्याचं काम अडवण्याचं. राजा रानात गेला म्हटलं की हा विचारणार, कशाला गेला? घरी बायकोशी भांडण झालं होतं का? त्याचे हे प्रश्न समोरच्या घरावर, नवरदेवाच्या मामावर, जेवणातल्या भाजीवर घसरतात, तेवढ्यात मामा काहीतरी उलट बोलतो आणि कथा पाच मिनिटं थांबते. ती थांबू शकते, हे महत्त्वाचं. कथेचा सांगाडा पुराणातला, तिच्यातला माणूस समोरच्या ओसरीवरचा.

तमाशात हेच काम बतावणीचं. गण, गवळण, बतावणी, वग ही मांडणी सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातली बतावणी म्हणजे सोंगाड्याची खुली जागा. ज्या गावाची सुपारी त्या गावातलं काय काय ते संध्याकाळीच चहाच्या टपरीवर विचारून ठेवायचं आणि रात्री वापरायचं. शहरी रंगमंचावर ही जागा टिकवली ती वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’नं आणि त्यातल्या दादा कोंडक्यांनी. कोतवालीच्या नेमणुकीची ती साधीसुधी गोष्ट, पण दादा त्यात त्या आठवड्यातलं राजकारण घुसवत, त्यामुळे नाटक वर्षानुवर्षं चालूनही छापील संहितेएवढंच कधी राहिलं नाही. पुन:पुन्हा बघायला जाणारी माणसं होती ती गोष्टीसाठी नव्हे, आज काय बोलतोय ते ऐकायला.

इथवर वाचून जुन्या लोककलेचे गोडवे गाणारा आणखी एक लेख म्हणून कुणी मान डोलावू लागला असेल, तर थांबा. ‘तसं नव्हतं’ म्हणायची ती सोय सगळ्यांना सारखी कधीच नव्हती. पुढच्या रांगेत बसून पाटील हसायचा, कारण सुपारीचे पैसे त्याच्या हातून जात. त्याच्यावरचा विनोद कुठपर्यंत न्यायचा हे सोंगाड्याला नेमकं कळे. फडात नाचणारे-गाणारे बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजातले. कनातीबाहेर त्यांना कुणी ‘अहो’ म्हणत नसे. प्रेक्षकाचं उत्तर नाचणाऱ्या बाईपर्यंत पोचे ते शिट्टी होऊन, दौलतजादा होऊन, कधी त्याहून वाईट होऊन. म्हणजे प्रेक्षकाला तोंड मिळालं की ते न्यायाचंच बोलेल, असं काही नाही.

आणखी एक अवघड गोष्ट. पाटलाला टोमणा मारण्याचं बळ सोंगाड्यात कुठून यायचं? तो सकाळी तंबू गुंडाळून जाणार असायचा, म्हणून. गावातलाच माणूस असता तर त्याला दुसऱ्या दिवशी त्याच पाटलाच्या विहिरीवर पाणी मागायला जायचं होतं. तेव्हा ‘स्थानिक कलाकारांनी स्थानिक विषयावर केलेलं’ हे आपण ज्याला गुण समजतो, तोच कधी तोंडाला कुलूप ठरतो. यात्रा कमिटीनं वर्गणी दिली, सरपंचानं मंडप दिला, संस्थाचालकानं हॉल दिला, आणि आता त्याच गावातल्या पोरांनी ऊसतोडीच्या मुकादमावर, जमिनीच्या भांडणावर, धरणाच्या पाणीवाटपावर गाणं म्हणायचं! ते म्हणत नाहीत. शिवाजी महाराजांवर म्हणतात. त्यात कुणाचं नाव येत नाही.

हे कोडं सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांनी आणि नंतर अण्णा भाऊ साठ्यांनी आपापल्या परीनं सोडवलं. साचा तमाशाचाच ठेवला आणि आतलं सामान बदललं. १९४४ मध्ये अण्णा भाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णा भाऊंच्या लोकनाट्यात सुरुवातीला गणपतीऐवजी भूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन असे. फड गावात आला तरी त्याची पाठराखण गावाबाहेरच्या चळवळीकडे होती. म्हणून ते पाटलासमोर बोलू शकले.

आमच्याच मराठवाड्यातून अलीकडच्या काळात या प्रश्नाला भिडणारं संगीत नाटक आलं ते २०१२ मध्ये: ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’. लिहिणारे राजकुमार तांगडे, जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थचे शेतकरी. कल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. संचातली बरीचशी मंडळी जालन्याकडच्या खेड्यांतली. मी गेलो ते आठ्या पडलेल्या कपाळानंच. शिवाजी महाराज, शाहीर, मराठवाडा, कष्टकरी कलाकार. कौतुकाचं सगळं साहित्य जाहिरातीतच हजर होतं, आणि माझ्या अनुभवात जिथं कौतुक आधी येतं तिथं नाटक उशिरा येतं.

गोष्ट थोडक्यात अशी. इंद्राच्या हुकमावरून यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो. महाराज निघतात, पण त्यांचे विचार इथंच राहतात, आणि ते शोधायला यमाला परत यावं लागतं. मग महाराजांचा टोप कुणाच्या डोक्यावर बसतो ते बघत तो हिंडतो. महाराजांचं नाव घेऊन राजकारण करणारे एकेक येतात, टोप डोक्यावर चढवून बघतात, आणि तो बसत नाही. युक्ती जुनी, लोककथेतली. तिच्यात जीव येतो तो दोन ठिकाणी.

एक तर बोलण्यात. नटांची बोली कुणी भाषातज्ज्ञानं शिकवलेली वाटत नाही. ती त्यांच्या तोंडात आधीपासून आहे, आणि ती विनोदी पात्रापुरती ठेवलेली नाही. यमही तीच बोलतो. देवादिकांनी मराठवाड्याची बोली बोलावी आणि त्यावर कुणी खास हसू नये, हे मी रंगमंचावर फार क्वचित पाहिलंय. दुसरं म्हणजे शाहिरांचा सामना. एकाच राजावर दोन शाहीर दोन तऱ्हेचे पोवाडे गातात, एक मुसलमानांचा वैरी म्हणून महाराजांना रंगवणारा, दुसरा त्याला इतिहासानं उत्तर देणारा. सवाल-जवाबाचा हा बाज नुसता शोभेला ठेवला असता तर मी जांभया दिल्या असत्या. पण इथं हरणाऱ्या बाजूलाही चाल दिलेली आहे, ताल दिलेला आहे, ऐकावंसं गाणं दिलेलं आहे. आजूबाजूला बसलेल्या काही पोरांच्या टाळ्या आधी त्या बाजूला पडल्या. मग दुसरा शाहीर उभा राहिला तेव्हा तो रंगमंचावरच्या शाहिराला उत्तर देत नव्हता, त्या पोरांना देत होता. माझी ‘तसं नव्हतं’ची कसोटी त्या पंधरा-वीस मिनिटांत पुरी लागली.

तरी संशय खुंटीला टांगून परत आलो असं म्हणणार नाही. नाटकाच्या काही भागांत टाळ्या पडतात त्या आधीच पटलेल्या गोष्टींना. जिथं एका बाजूला नुसतं हास्यास्पद केलं आहे तिथं नाटक सैल पडतं आणि भाषण डोकं वर काढतं. टोप न बसणाऱ्यांच्या रांगेत बघणाऱ्यानं स्वतःलाही उभं करून बघावं, ही नाटकाची आतली मागणी. पण बघणारे सगळे दुसऱ्यांच्याच डोक्यांकडे बोट दाखवत हसत होते, मीही त्यात होतो. शिवाय भीमनगर मोहल्ला हा कुठल्याही तालुक्याच्या गावाचा मोहल्ला आहे, ही नाटकाची सोय आहे आणि मर्यादाही. तो आमच्या गावातला भीमनगर नाही. तिथल्या माणसांची नावं घेऊन ते नाटक आमच्यापुढे उभं राहत नाही. राहिलं असतं तर त्या रात्री नाट्यगृहात काय झालं असतं, याची मला खात्री देता येत नाही.

एक आक्षेप मी स्वतःहून नोंदवतो, कारण तो माझ्या गावच्या बाजूचा आहे. गावाला असलं उत्तराचं नाटक हवंय तरी का? यात्रेतल्या तमाशात वग आखूड होत गेला आणि हिंदी सिनेमाच्या गाण्यांची रंगबाजी लांबत गेली, ती काही मुंबईकरांनी लादली नाही. मागणी प्रेक्षकांची. ‘वग बास करा, गाणं लावा’ अशी हाळी मी कानांनी ऐकली आहे. वरातीत संबळ वाजवणाऱ्याला डीजेपुढे कोण विचारतं? गावाच्या आवडीला पवित्र मानणाऱ्यांनी हेही पवित्र मानावं लागेल. मी मानत नाही. पण माझ्या मते ते गाणं मागणंसुद्धा एक प्रकारे उत्तरच आहे: वगातलं गाव त्यांना ओळखीचं वाटेनासं झालं. ज्यात आपलं काही नाही ते कशाला ऐकायचं, त्यापेक्षा नाचता तरी येईल असं लावा, असा तो रोकडा न्याय.

मग ओळखीचं काय असेल? माझ्यासारख्याला उत्तर ठरलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बोळवून माणसं उशिरा निजलेली. किल्लारी आणि सास्तूर आमच्या शेजारचीच. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीची धाबी, ती अंगावर आली, आणि जवळजवळ दहा हजार माणसं गेली. या भूकंपावर दरवर्षी श्रद्धांजल्या होतात, कविता होतात. संगीत नाटक म्हटलं तर मला भीतीच वाटते, कारण पहिल्या प्रवेशात काय असेल ते डोळ्यांपुढे येतं: निळा प्रकाश, करुण बासरी, आईच्या कुशीतलं लेकरू.

मी लिहिणाऱ्याच्या जागी असतो तर पहाटेला हातच लावला नसता. सुरुवात १९९२ पासून केली असती. त्या साली ऑगस्ट ते ऑक्टोबर किल्लारी भागात लहान लहान धक्के बसत होते, माणसं घाबरून बाहेर झोपत होती, मग धक्के थांबले आणि सगळे पुन्हा घरात गेले. इथं बतावणीच्या जोडीदाराला केवढं काम आहे! मग धरण. माकणीच्या तलावात काही वर्षं आधीच पाणी साठायला लागलेलं, आणि भूकंपानंतर हे पाण्यामुळंच झालं असं अनेकांनी धरलं. शास्त्रज्ञांतही यावर वाद झाला. गाणाऱ्यांच्या एका बाजूला धरणाला दोष देणारे, दुसऱ्या बाजूला त्याच धरणाच्या पाण्यावर ऊस घेणारे, आणि दोन्हीकडे तीच माणसं. हा सामना शिवाजी महाराजांवरच्या सामन्याहून सोपा नाही, कारण यात खलनायक मिळत नाही.

आणि मग घरं. ५२ गावं नव्या जागी वसवली, त्यांत घराचं माप जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंतवाल्याला ४००, त्याच्या वरच्याला ७५०. मेलेल्यांत असा फरक झाला नव्हता. राहिलेल्यांत झाला, आणि सरळ आखलेल्या रस्त्यांवर तो रांगांनी दिसू लागला. एका सातबाऱ्यावर तीन भावांची नावं असतील तर फूट किती? ज्याची जमीन कागदावर बापाच्या नावे आणि बाप ढिगाऱ्यात, त्याचे किती? मोजणीदाराचा सवाल, त्याला बाईचा जवाब. या प्रवेशाला बासरी नको. टेप आणि ढोलकी पुरे.

पुण्या-मुंबईत हा प्रवेश करुण वाटेल आणि लोक डोळे पुसतील. म्हणून तिथं नंतर. आधी सास्तूरच्या मैदानावर, जिथं २५० वाले आणि ७५० वाले एकाच सतरंजीवर बसतील. करणारे आमच्यातले नकोत, शेजारच्या जिल्ह्यातले बोलवा. जालन्याकडचेच का येईनात. आणि ध्वनिमुद्रित संगीत अजिबात नको. मोजणीदार फूट सांगत असताना मागून एखादी म्हातारी उठून आकडा दुरुस्त करणार, तेव्हा ढोलकीवाल्याला हात थांबवता आला पाहिजे.